मशीन चालू हाय तवर

आमच्या कॉम्प्युटरला जाग येईपर्यंत अब्बांचा एक लेंगा कापून व्हायचा. मी बटण दाबायचे आणि पार्टिशनच्या पलीकडून अब्बा विचारायचे, "उठली का तुझी मशीन?" मी म्हणायचे, "अजून तोंड धुतेय." हा विनोद आम्ही काही वर्षं रोज केला. हसत कुणीच नव्हतं, पण चुकवतही नव्हतं.

भोरच्या पेठेत अब्बांचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि दुकानाला लागून मागच्या खोल्यांत आमचं घर. त्याच्या मागच्या अर्ध्या भागात, प्लायवूडच्या पार्टिशनमागे, माझं डीटीपीचं काम चालायचं. पुढे कात्री, मागे कीबोर्ड. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, वेल्ह्याकडच्या शाळांच्या प्रश्नपत्रिका, भोंगवलीच्या जत्रेची हँडबिलं आणि मधूनमधून दहाव्याची कार्डं. कॉम्प्युटर पुण्यातल्या एका ऑफिसने काढून टाकलेला होता. तो आमच्याकडे आला तेव्हाच म्हातारा होता, आणि अब्बा त्याला पहिल्या दिवसापासून 'ती' म्हणत. त्यांच्या लेखी मशीन एकाच जातीची असते, आणि तिला तेल घालावं लागतं. कॉम्प्युटरला तेल लागत नाही हे त्यांना मी खूपदा सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं.

आमच्या ओळीत तीन दुकानं होती. आमचं, शेजारी कॅसेटवाल्याचं, त्यापलीकडे घड्याळवाल्याचं. तिन्ही एकाच मालकाची, म्हणून तिन्हींचा मेन स्विच एकच, आणि तो आमच्या दुकानात, अब्बांच्या डाव्या हाताला भिंतीवर. समोर पिठाची गिरणी. आणि पेठेची एक रीत होती. रस्त्याने मयत निघालं, मग ते नदीकडे चाललेलं असो की कबरस्तानाकडे, की सगळं गप्प करायचं. गिरणी थांबायची, अब्बांचं पायडल थांबायचं, चहावाला स्टोव्ह बारीक करायचा आणि सगळे आपापल्या दारात उभे राहायचे. अडचण एकट्या कॅसेटवाल्याची. तो आत कॅसेटी भरत बसायचा, त्याला बाहेरचं काही कळायचं नाही, आणि एकदा एका म्हातारीची तिरडी त्याच्या दारावरून जात असताना त्याच्या लाउडस्पीकरवर लग्नातलं गाणं चालू होतं. तेव्हापासून अब्बांनी ते काम आपल्याकडे घेतलं. मयत दिसलं की ते डावा हात वर करून मेनच ओढायचे. तिन्ही दुकानं एकदम मुकी व्हायची.

कॉम्प्युटर आल्यावर त्यात एक सुधारणा झाली. अब्बा आधी विचारायचे, "करू का?" मी हातातलं काम सेव्ह करून म्हणायचे, "करा." मग मेन खाली यायचा. हे आमच्यात इतकं सुरळीत चाललं होतं की त्याची आठवणही राहिली नव्हती.

त्या कॉम्प्युटरवर माझं लग्न अडकलेलं होतं. म्हणजे ते न होणं त्याच्यावर अवलंबून होतं. वरव्याजवळ हायवेला टायरचं दुकान असलेलं एक घराणं होतं, त्यांनी मला मागणी घातली होती. माणसं वाईट नव्हती. मुलाच्या मामांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की आमच्याकडे बायकांना बाहेर काही करावं लागत नाही, आणि ते त्यांनी मोठं दान दिल्यासारखं सांगितलं. अम्मीला स्थळ पसंत होतं. मला पत्रिकेतल्या ओळी दोन्ही बाजूंनी सारख्या बसवायला आवडायचं. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नव्हतं, आणि असलं कारण बैठकीत मांडता येत नाही.

ते अब्बांनी मांडलं, त्यांच्या पद्धतीने. अम्मीने एकदा फारच लावून धरलं तेव्हा ते म्हणाले, "मशीन चालू हाय तवर मी कुणाला हो म्हणणार न्हाई. बंद पडली की मग बोलू." अम्मीने मान डोलावली. तिने कॉम्प्युटर पाहिलेला होता, त्यामुळे तिला घाई नव्हती.

आणि तिचा अंदाज बरोबर होता. दोन हजार साल उलटून गेलेलं होतं, दिवाळी झाली होती, लग्नसराई तोंडावर होती आणि आमची हार्ड डिस्क कटकट वाजू लागली. आधी दिवसातून एखाद्या वेळी, मग फाइल उघडली की. त्या डिस्कवर माझं सगळं होतं. फॉन्ट, वेलबुट्ट्या, जुन्या पत्रिकांचे मजकूर. गणपती, बिस्मिल्ला, कलश आणि चांदतारा तिथे शेजारी शेजारी नांदत होते. डिस्क गेली असती तर काम गेलं असतं, आणि काम गेल्यावर नुसतं खोकं चालू आहे असं म्हणायला मलाही तोंड राहिलं नसतं.

मी पुण्याहून नवी डिस्क आणली. दुकानदाराकडे होती त्यातली सगळ्यात लहान मागितली, तरी ती आमच्या जुनीच्या कितीतरी पट मोठी निघाली. नवी बसवून बटण दाबलं. काळ्या पडद्यावर अक्षरं आली, डिस्क शोधतोय म्हणून कळवलं, आणि मशीन तिथेच थांबली. पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच. नाकापेक्षा मोती जड झाला होता. मी एसटीडी बूथवरून पुण्याच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, बोर्ड जुना आहे. त्याच्या बायोसला एवढी मोठी डिस्क मोजता येत नाही. बायोस अपडेट करा, नाहीतर सरळ नवा कॉम्प्युटर घ्या." दुसरा सल्ला त्याने जास्त मायेने दिला.

बायोस हा शब्द मी तोवर पडद्यावर रोज पाहत होते आणि रोज सोडून देत होते. आता कळलं की बोर्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये मशीनची जन्मजात अक्कल भरलेली असते. बटण दाबलं की सगळ्यांच्या आधी ती जागी होते, कीबोर्ड आहे का, डिस्क केवढी, अशी हजेरी घेते आणि मग बाकीच्यांना उठवते. आमच्या चिपला ठरावीक आकड्यापुढे मोजताच येत नव्हतं. बोर्डाची कंपनी अशा वेळी सुधारलेली अक्कल फाइलमध्ये देते, ती फ्लॉपीवरून चिपमध्ये उतरवायची. उतरवताना मध्येच वीज गेली तर मात्र जुनी पुसलेली आणि नवी अर्धवट, अशी गत होते. मग मशीन उठतच नाही.

अब्बांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी माप घेणाऱ्यालाच टेप आखूड पडली." मी इतका वेळ घालवून जे सांगितलं ते हेच होतं.

फाइल शोधायची तर आधी बोर्डाचं नेमकं नाव हवं. ते बोर्डावरच बारीक अक्षरांत छापलेलं होतं, पण त्यावर ऑफिसची वर्षानुवर्षांची धूळ आणि आमच्या दुकानातला दोऱ्यांचा कापूस बसला होता. अब्बांनी खडू झटकायचा ब्रश दिला. त्याने झाडून, भिंग लावून मी नंबर उतरवला आणि कॉलेजच्या रस्त्यावरच्या इंटरनेटवाल्याकडे गेले. भोरमध्ये तेव्हा तसं दुकान नवीनच होतं. राहत्या घराची पुढची खोली, तीन कॉम्प्युटर आणि घरातलाच फोन. आत मालकाच्या आईने रिसीव्हर उचलला की बाहेर तिघांचंही इंटरनेट तुटायचं. मालक आतल्या दाराकडे तोंड करून ओरडायचा, "आई, ठेव!" आणि आई म्हणायची, "लई महत्त्वाचं हाय!"

कंपनीची साइट उघडायलाच वेळ गेला. उघडली तर तीत आमचा बोर्ड नव्हता. नवीन बोर्डांची मोठी यादी, जुन्यांसाठी एक लहान पान, आणि त्या पानावरही आमच्या बोर्डाच्या आधीचा आणि नंतरचा होता, तेवढा आमचाच गाळलेला. लग्नाला गेलेल्या माणसाला पंगतीत आपलंच पान मांडायचं विसरले हे कळावं, तसं मला वाटलं. कंपनीला लिहिलं. उत्तर आलं नाही. पुढचा महिनाभर मी वेळ मिळेल तशी तिथे जाऊन बसत होते. बरेचदा फाइल मिळायची ती जवळच्या नंबराची, एका अक्षराने वेगळी. ती घातली असती तर काम तमाम. दरवेळी कागदावरचा नंबर पडद्यावरच्या नंबराशी बोट ठेवून जुळवायचा आणि दरवेळी उठून यायचं. दुकानात शिरले की अब्बा काही विचारायचे नाहीत, फक्त पायडल थांबवायचे. मी मान हलवली की पायडल पुन्हा सुरू.

शेवटी एका परदेशी माणसाचं पान सापडलं. त्याला जुन्या बोर्डांचा नाद होता, कंपन्यांनी टाकून दिलेल्या फाइली तो जपून ठेवायचा. त्याच्या देशाची भाषा मला वाचता येत नव्हती आणि इंग्रजी आम्हा दोघांचंही यथातथाच होतं. मी लिहिलं, माझ्याकडे हा बोर्ड आहे, ही डिस्क आहे, कृपया मदत करा. दोन दिवसांनी त्याने फाइल पाठवली, खाली लिहिलं होतं की मी पण एकदा असाच अडलो होतो. त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही. पण आमच्या अम्मीपेक्षा त्याला माझ्या मशीनची जास्त काळजी होती, हे तेव्हा मी मनात नोंदवून ठेवलं. मी त्या दिवसांत अम्मीवर चिडलेली होते.

फाइल फ्लॉपीवर घेतली. एका फ्लॉपीचा भरवसा नाही म्हणून तीन फ्लॉप्यांवर घेतली. दुकानात आणल्यावर लक्षात आलं की अब्बांकडे लोहचुंबक आहे, जमिनीवर सांडलेल्या टाचण्या गोळा करायचा, घोड्याच्या नालाच्या आकाराचा. फ्लॉपी आणि लोहचुंबक एका छताखाली नको, असं मी बोलता बोलता म्हटलं. दुसऱ्या दिवशी चुंबक दिसेना. अब्बांनी तो गिरणीवाल्या काकांकडे नेऊन ठेवला होता आणि स्वतः वाकून टाचण्या वेचत होते.

आता फक्त विजेचं बघायचं होतं. युपीएस आमच्याकडे नव्हता. स्टॅबिलायझर होता, पण तो व्होल्टेज सांभाळायचा, गेलेली लाईट परत आणायचा नाही. लोडशेडिंगची वेळ सकाळची होती, म्हणजे अकराला लाईट आली की दुपारपर्यंत भीती नाही. गिरणी सुरू होताना मात्र पेठेतले दिवे डोळा मारायचे, म्हणून मी गिरणीवाल्या काकांकडे गेले. काका म्हणाले, "तुझं हुईस्तवर पट्टा चढवत न्हाई. दळणं काय पळून जात न्हाईत." कॅसेटवाल्याला आणि घड्याळवाल्याला सांगितलं. अब्बांना सांगितलं, "आज अर्धा तास मेनला कुणाला हात लावू द्यायचा नाही."

"माझ्या बगलंतच हाय तो," अब्बा म्हणाले. "कोण लावतंय?"

लाईट आली. थोडा वेळ थांबून मी फ्लॉपी घातली. काळ्या पडद्यावर प्रश्न आला, नक्की का? मी हो म्हटलं. मग एक लांबट चौकट आली आणि तीत पांढरे ठोकळे डावीकडून एकेक करून भरू लागले. सगळा मिळून काही मिनिटांचा खेळ. अर्धा तास मी नुसता भीतीपोटी सांगितला होता. ठोकळे अर्ध्यापर्यंत आले असतील. अब्बांचं पायडल थांबलं. ते उत्सुकतेने थांबलं असेल असं मला वाटलं. तेवढ्यात पंखा मंदावला, पडदा मिटला आणि दुकान गप्प झालं.

मी पार्टिशनच्या बाहेर आले. रस्त्यावरून एक तिरडी चालली होती. आमच्या पेठेत वर्षानुवर्षं टपाल वाटलेले पोस्टमन काका. निवृत्तीनंतर रोज सकाळी ते आमच्या दुकानाच्या बाकावर येऊन बसायचे, अब्बांकडून सुपारी घ्यायचे आणि गेल्या दिवसांतल्या पत्रांच्या गोष्टी सांगायचे. आजारी म्हणून मुलाने त्यांना पुण्याला नेलं होतं. ते गेल्याचं पेठेत कुणाला कळलंच नव्हतं. टेम्पोतून आणलं ते थेट शेवटच्या वाटेवर. चेहरा झाकलेला नव्हता. अब्बांनी ते पाहिलं असणार, आणि हात आपला आपण वर गेला असणार. तो अजून स्विचवरच होता.

मला ओरडायचं होतं. पण दारात मयत होतं, आणि मयताच्या वाटेवर आमच्याकडे कुणी ओरडत नाही. मी ओढणी डोक्यावर घेतली आणि अब्बांच्या शेजारी उभी राहिले. समोर गिरणीवाले काका टोपी काढून उभे होते. मला राग आला होता आणि पोस्टमन काकांचं वाईटही वाटत होतं, दोन्ही एकाच वेळी. तिरडी नदीच्या वळणावर गेली. तेव्हा अब्बांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे, आणि मग त्यांना आठवलं.

त्यांनी मेन चढवला. पंखा फिरला, कॅसेटवाल्याचं गाणं सुरू झालं. मी बटण दाबलं. मशीनचा पंखा घरघरला, पण पडदा काळाच राहिला. एक अक्षर आलं नाही.

"तोंड धुती का?" अब्बा पलीकडून म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मला त्यांचं ते विचारणंच सहन होईना. त्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोललो नाही. अम्मीला संध्याकाळी कळलं, तिनेही भांडी जरा हळू घासली. पण रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली, "मशीन गेली, आता बोलवा त्यांना." अब्बा भाकरीकडे बघत राहिले. दिलेला शब्द दोन्ही बाजूंनी लागू होता, आणि मशीन बंद पाडणारा हात त्यांचाच होता. मला ती रात्र फार जड गेली.

वरव्याला बातमी कशी पोहोचली देव जाणे, पण दोनच दिवसांत मुलाचे मामा दुकानात हजर. निमित्त सदऱ्याचं. अब्बांनी गळ्यातली टेप काढली आणि माप घ्यायला लागले. मी पार्टिशनमागे, मेलेल्या मशीनसमोर.

"ऐकलं की मशीन बंद पडली म्हणून," मामा म्हणाले.

"हात वर घ्या," अब्बा म्हणाले.

मामांनी हात वर घेतले. "न्हाई, म्हटलं, आता काय तुमची अडचण न्हाई ऱ्हायली."

अब्बांनी छाती मोजली, आकडा कापडाच्या कडेला खडूने लिहिला. मग म्हणाले, "मशीन दुरुस्तीला चाललीय. माझी शिवायची मशीन दोनदा पुण्याला जाऊन आली, म्हणून मी काय धंदा बंद केला न्हाई. दुरुस्तीला गेलेल्या मशीनला बंद पडली म्हणत्यात व्हय? उगं लोकांच्या पोराला ताटकळत ठेवू नगा. तुमी दुसरीकडं बघा." आणि वर अगदी मऊ आवाजात, "कॉलर कशी ठेवू, गोल का टोकाची?"

मामांनी गोल सांगितली. सदरा त्यांनी नेला, पण पुन्हा काही ते आमच्याकडे शिवायला आले नाहीत. अम्मी अब्बांशी आठवडाभर बोलली नाही.

पार्टिशनमागे मी रडले. आवाज न करता, कारण प्लायवूड पातळ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही दोघं पुण्याला निघालो. अब्बांनी बोर्ड अस्तराच्या कापडात गुंडाळून मांडीवर घेतला होता. कापूरहोळच्या पुढे हायवेला गाडी लागल्यावर ते म्हणाले, "बेटा, हाताला म्हाईत व्हतं. डोक्याला न्हवतं." मी म्हटलं, "माहितीये." त्या विषयावर आम्ही यापेक्षा जास्त कधी बोललो नाही.

दुकानदाराने आम्हाला एका बोळातल्या दुरुस्तीवाल्याकडे पाठवलं. त्याने चिमट्याने बोर्डावरची चिप उपटली, एका डबीसारख्या यंत्रात बसवली आणि माझ्याकडून फ्लॉपी मागितली. हे सोपं काम होतं, त्याच्याकडे दिवसाला अशा कितीतरी चिपा यायच्या. तो टाइप करायला लागणार तेवढ्यात अब्बांनी विचारलं, "हितली लाईट जाती का?"

"नाही जात या वेळेला."

"मेन कुठं हाय?"

त्याने दाराकडे बोट दाखवलं. अब्बा उठले आणि मेन स्विचला पाठ लावून उभे राहिले. हात मागे बांधलेले. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटेतून सरकावं लागत होतं.

"चाचा, बसा की," दुरुस्तीवाला म्हणाला. "आणि त्याला हात नका लावू हं."

"लावणार न्हाई. दुसऱ्यानं लावू नये म्हणून हुबा हाय."

बाहेर बोळातून तेवढ्यात एक बँड गेला, एक पाण्याचा टँकर गेला. अब्बा हलले नाहीत. काम झालं, दुरुस्तीवाल्याने चिप परत बोर्डावर दाबून बसवली, आपला पडदा जोडला, आणि काळ्यावर पांढरी अक्षरं आली. मी अब्बांकडे बघून मान हलवली, उभी. तेव्हा ते भिंतीपासून सुटले. सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

घरी येऊन मशीन जोडली, नवी डिस्क लावली. हजेरीच्या जागी ती क्षणभर थांबली, आणि मग डिस्कचा आकडा नीट मोजून पुढे गेली. जुनी डिस्क कटकटत का होईना, तिच्यावरचं सगळं नव्या डिस्कवर देऊन गेली. लग्नसराई आम्ही पार पाडली. "उठली का तुझी मशीन?" पुन्हा सुरू झालं.

त्याच आठवड्यात अब्बांनी मेन स्विचला कव्हर शिवलं. खाकी ताडपत्रीचं, आतून अस्तर लावलेलं, खाली झडप आणि झडपेला जाड कोटाचं काळं बटण. काज त्यांनी मुद्दाम आखूड ठेवलं होतं, बटण काढायला दोन्ही हात लागायचे. कॅसेटवाला हसला, म्हणाला, "चाचा, स्विचला थंडी वाजती का?" अब्बा म्हणाले, "माझ्या हाताला सवय लागलीय. आता बटण काढस्तवर आठवंल." रीत मोडली नाही. मयत दिसलं की ते पायडल थांबवायचे, उठून शेजारी जायचे, कॅसेटवाल्याचा लाउडस्पीकर स्वतःच्या हाताने बंद करायचे आणि परत येऊन दारात उभे राहायचे. मी मागे उभी राहायचे. माझी मशीन चालू असायची, आणि त्याबद्दल पेठेत कुणी काही म्हटलं नाही.

लग्न मी पुढे केलं, माझ्या होकाराने, भोरमधल्याच माणसाशी. त्याच्या घरात पत्रिकेच्या ओळींबद्दल बोलता येत होतं. दुकान सुटलं नाही. कॅसेटवाल्याचं दुकान जाऊन तिथे मोबाईलचं आलं. मी नवा कॉम्प्युटर घेतला, पण जुन्या पत्रिकांचे फॉन्ट त्यावर नीट दिसायचे नाहीत, म्हणून म्हातारीलाही काम होतं. तिचा पंखा आता जात्यासारखा वाजायचा.

अब्बा गेले ते अशाच एका सकाळी. लाईट नुकतीच आली होती, मी म्हातारीचं बटण दाबलं होतं. पलीकडून प्रश्न आला नाही. मागच्या खोल्यांतून अम्मीची हाक आली. मी धावले, ती परत दुकानात यायला दुपार उलटली. तोवर घर माणसांनी भरलं होतं. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजाला जनाजा निघायचं ठरलं. आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. मी मागच्या दाराने दुकानात आले आणि पार्टिशनपाशी उभी राहिले, कारण जनाजा दुकानावरून जाणार होता आणि मला त्यांना पेठेतून जाताना बघायचं होतं.

पुढे गल्लीत माणसं दिसली. समोर गिरणी थांबली. मोबाईलवाल्याचं गाणं थांबलं, घड्याळवाला दारात आला, चहाचा स्टोव्ह बारीक झाला. पेठेत कधी नव्हे इतकी शांतता झाली, आणि त्या शांततेत माझ्या मागे घरघर ऐकू आली. सकाळपासून मशीन चालूच होती. पडद्यावर कुणाच्या तरी लग्नाची अर्धी पत्रिका.

गिरणीवाले काका रस्ता ओलांडून आमच्या दारात आले. पिठाने पांढरे झालेले, डोळे लाल. घरघर ऐकून, मेन ओढायचं काम आता आपलं, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी हात वर केला. कव्हरवर हात पडला, बटणापाशी बोटं थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काढू का गं?"

मी मान हलवली, आडवी.

"व्हय," काका म्हणाले. "त्यांनीच लावलंय."

त्यांनी हात खाली घेतला, टोपी काढली आणि अब्बांच्या जागेशेजारी उभे राहिले. जनाजा आला, दुकानासमोर खांदेकऱ्यांनी क्षणभर खांदा बदलला, आणि तो वळणाकडे गेला. तो दिसेनासा होईपर्यंत पेठ सगळी गप्प होती आणि माझी मशीन चालू होती.